मालावरची चिठ्ठी

आठवड्याच्या बाजारात मडके घेणारी बाई ते आधी हातावर तोलते, मग बोटाच्या पेराने वाजवून पाहते. खणखणीत आवाज आला तर मडके पक्के; बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. बैल घेणारा त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. कापड घेणारा सूत ओढून पाहतो. तूप घेणारा ते हातावर चोळून वास घेतो. या परीक्षा कोणत्याही पुस्तकात शिकवाव्या लागत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून त्या चालत आल्या आहेत.

पण विजेचा दिवा कसा वाजवून पाहायचा? फ्रिज वर्षाला किती वीज खाईल, मोबाईलची बॅटरी किती वर्षे टिकेल, कपडे धुण्याच्या यंत्राचा एखादा भाग मोडला तर तो पुढे मिळेल की नाही, हे दुकानात डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही. ते कारखानदाराला ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. ज्या व्यवहारात एकाला सगळे ठाऊक आणि दुसऱ्याला काहीच नाही, त्यात नुकसान कोणाचे होते हे काही सांगायला नको. हे अंतर कमी करण्यासाठी परदेशात, विशेषतः युरोपात, जी खटपट झाली तिची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. तिचे धागे आपल्या घरापर्यंत येऊन पोचले आहेत.

मालावर खूण करण्याची चाल फार जुनी आहे. इंग्लंडात १३०० साली राजा पहिला एडवर्ड याने कायदा केला, की चांदीची वस्तू ठरलेल्या कसाची असल्याशिवाय आणि तिच्यावर चित्त्याच्या मुखाचा शिक्का असल्याशिवाय विकू नये. पुढे १४७८ पासून लंडनच्या सोनारांनी हा माल आपल्या संघाच्या वाड्यात, म्हणजे ‘हॉल’मध्ये आणून पारखून घ्यावा असे ठरले. हॉलमध्ये मिळालेली खूण ती हॉलमार्क. आज आपल्या गावची मुलगी लग्नाचे दागिने घेताना सोनाराला जो शब्द विचारते, तो असा त्या लंडनच्या वाड्यातून निघालेला आहे. यातली मुख्य गोष्ट अशी, की खूण करणारा हात विकणाऱ्याचा नसावा, तिसऱ्याच कोणाचा तरी असावा.

आता एकदम विजेच्या युगात येऊ. १९२४ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरी जगातले मोठमोठे दिवे तयार करणारे कारखानदार एकत्र बसले. जर्मनीची ऑसराम, हॉलंडची फिलिप्स, शिवाय फ्रेंच, इंग्रज आणि जपानी कंपन्याही त्यात होत्या. त्यांनी आपसांत बाजार वाटून घेतला आणि या जुटीला ‘फीबस’ हे ग्रीकांच्या सूर्यदेवाचे नाव दिले. त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली. त्या काळी दिवे दीड-दोन हजार तास चालत. यापुढे घरगुती दिवा १,००० तासांच्या आसपासच चालावा, असा त्यांचा ठराव झाला. प्रत्येक कारखान्याचे नमुने तपासले जात, आणि ज्याचा दिवा ठरल्यापेक्षा फार जास्त जगेल त्याला दंड होई. दिवा लवकर गेला म्हणून दंड होणे आपण समजू शकतो. इथे तो टिकला म्हणून दंड होता!

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. दिव्याच्या तारेला जितके जास्त तापवाल तितका तिचा उजेड पांढरा आणि भरपूर. पण तार लवकर झिजते. मंद तापवली तर ती पुष्कळ जगते, पण तेवढ्याच विजेत उजेड कमी मिळतो. म्हणून १९५१ साली ब्रिटनच्या सरकारी चौकशी मंडळाने या प्रकरणाचा तपास केला, तेव्हा त्याने १,००० तासांचा आकडा निव्वळ लबाडीचा मानला नाही. तो आयुष्य आणि उजेड यांतला एक मध्यममार्ग आहे, असे त्याने म्हटले. तरीही खरा प्रश्न उरतोच. तो मध्य कोणी काढला? बंद दाराआड बसलेल्या विकणाऱ्यांनी. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी विचारले नाही, आणि सांगितलेही नाही. दुसऱ्या महायुद्धात ही जूट मोडली, पण हा प्रश्न मागे राहिला.

पुढची पंचवीस-तीस वर्षे वीज स्वस्त होती, म्हणून कोणी फारशी फिकीर केली नाही. मग १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले, अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांतच तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. श्रीमंत देशांतही पेट्रोलसाठी रांगा लागल्या. तेव्हा लोकांचे लक्ष घरातल्या यंत्रांकडे गेले. फ्रान्सने १९७६ साली आणि कॅनडाने १९७८ साली यंत्रांच्या वीजखर्चाची चिठ्ठी लावण्याची पद्धत सुरू केली.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने याच्या पुढचे पाऊल टाकले. तिथे आर्थर रोझेनफेल्ड नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. अणूच्या पोटातल्या कणांचा अभ्यास बाजूला ठेवून ते फ्रिज आणि दिवे यांच्या हिशेबात शिरले. नवीन वीजकेंद्र उभारण्यापेक्षा वाया जाणारी वीज वाचवणे स्वस्त पडते, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले. राज्याने फ्रिजला वीजखर्चाची मर्यादा घातली; पुढे साऱ्या देशाने घातली. परिणाम पाहा. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथला सरासरी नवा फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिटे खात असे. २००१ पर्यंत हा आकडा ५०० च्या आसपास आला. या काळात फ्रिज लहान झाला नाही, उलट मोठाच झाला. कारखानदारांना जमत नव्हते असे नाही. तोवर त्यांना कोणी विचारले नव्हते इतकेच.

याच सुमाराला, १९७८ साली, पश्चिम जर्मनीने ‘निळा देवदूत’ या नावाची खूण काढली. ही चिठ्ठी नुसत्या विजेची नव्हती. परत भरता येणारी बाटली, नव्याने रबर चढवलेला टायर अशा जिनसांना ती पहिल्याप्रथम मिळाली. निसर्गाला कमी त्रास देणाऱ्या मालाची सरकारमान्य खूण म्हणून जगात तीच आधीची समजली जाते.

मग १९९२ साली युरोपातल्या देशांनी मिळून कायदा केला, आणि फ्रिजसारख्या घरगुती यंत्रांवर एकसारखी चिठ्ठी आली. वर हिरवी पट्टी, खाली लाल पट्टी, आणि इंग्रजी वर्णमालेतली ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंतची सात अक्षरे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंगावरून कळावे, अशी ही योजना. गिऱ्हाईक हिरव्याकडे वळले आणि कारखानदारही त्याच्यामागे धावले.

पण पुढे एक गंमत झाली, ती शिक्षकमंडळींना चटकन कळेल. वर्गात सगळ्यांनाच पहिला वर्ग मिळू लागला तर पहिल्या वर्गाला काय किंमत राहणार? बहुतेक फ्रिज ‘ए’ मध्ये आले. मग ‘ए अधिक’ काढला, मग ‘ए’ पुढे दोन अधिक, मग तीन. गिऱ्हाइकाला वाटे, एक अधिक म्हणजे उत्तमच; प्रत्यक्षात तो तळाजवळचा माल असे. शेवटी मार्च २०२१ मध्ये अधिकांची सारी चिन्हे पुसून टाकली आणि पुन्हा ‘ए’ ते ‘जी’ अशी कडक मोजणी सुरू केली. पुढच्या सुधारणेला जागा राहावी म्हणून वरचा ‘ए’ वर्ग आरंभी जवळजवळ रिकामाच ठेवला. यावरून एवढे ध्यानात घ्यावे, की चिठ्ठी एकदा छापून भागत नाही. काळाबरोबर ती कडक करावी लागते, नाहीतर तीच फसवू लागते.

चिठ्ठीची आणखी एक अडचण आहे. भाड्याच्या घरात फ्रिज घेतो घरमालक आणि बिल भरतो भाडेकरू. मालक कशाला चिठ्ठी वाचेल? आणि ज्याच्या खिशात पैसे थोडे, तो चिठ्ठी वाचूनही स्वस्त तेच घेतो आणि पुढे महिन्यामागून महिने बिलात त्याची भरपाई करतो. एक साधा हिशेब मांडू. ६० वॅटचा तारेचा दिवा १,००० तास जळला तर ६० युनिटे वीज लागते. युनिटला ८ रुपये धरले तर ४८० रुपये झाले. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच तासांत ९ युनिटे, म्हणजे ७२ रुपयांची वीज घेईल. दुकानात तारेचा दिवा स्वस्त दिसतो खरा, पण त्याची खरी किंमत बिलात असते. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी.

म्हणून २००५ साली युरोपीय संघाने नवा विचार पुढे आणला. त्याला इकोडिझाइन म्हणतात. माल तयार झाल्यावर त्याला चांगले-वाईट म्हणण्यापेक्षा, कागदावर त्याचा आराखडा काढतानाच वीज, पाणी, कचरा यांचा विचार करावा. आणि जो माल किमान अटी पुऱ्या करणार नाही तो बाजारातच येऊ देऊ नये. बटण बंद केलेले यंत्र भिंतीला टांगल्या टांगल्या जी वीज चोरून पिते, तिला २०१० पासून १ वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. तारेच्या दिव्यात विजेचा फार थोडा भाग उजेड होतो आणि बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून २००९ ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्याने असे दिवे बाजारातून काढले. लोकांनी कुरकुर केली, काहींनी जुन्या दिव्यांच्या पेट्या भरून ठेवल्या. आमच्या घरात कोणता दिवा लावायचा हे सरकारने का सांगावे, असे ते म्हणत. हा प्रश्न अगदीच गैर नव्हता. पण तोवर दिव्याचे आयुष्य दुसऱ्याच कोणी ठरवले होते, हे आपण पाहिलेच आहे. निदान हे नियम उघड्यावर, वादविवाद होऊन ठरले.

हे नियम करणारेही चुकतात. केर ओढणाऱ्या यंत्रांची परीक्षा घेताना पिशवी रिकामी ठेवून मोजमाप करत. घरात तर ती भरत जाते! एका कारखानदाराने न्यायालयात दाद मागितली आणि २०१८ साली त्या यंत्रांच्या चिठ्ठीचा नियमच रद्द झाला. मोजणी घरातल्या वापरासारखी हवी, हा धडा त्यातून मिळाला.

त्यानंतर लक्ष दुरुस्तीकडे वळले. २०२१ पासून युरोपात धुण्याच्या यंत्राचे ठराविक सुटे भाग, त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही, दहा वर्षे मिळाले पाहिजेत असा दंडक आला. फ्रान्सने त्याच वर्षी काही यंत्रांवर दुरुस्तीचे गुण, दहापैकी किती, असे छापायला लावले. जून २०२५ पासून मोबाईललाही नियम लागू झाले. सुटे भाग सात वर्षे मिळावेत, आणि बॅटरी आठशे वेळा भरल्यावरही तिची निदान ८० टक्के ताकद शिल्लक राहावी, अशा त्या अटी आहेत.

आणि जुलै २०२४ मध्ये याहून मोठा कायदा अमलात आला. अन्न, चारा आणि औषधे यांसारखे अपवाद सोडले तर जवळजवळ प्रत्येक जिन्नस त्याच्या कक्षेत येऊ शकतो. वस्तूला एक पारपत्र असावे, अशी त्यात योजना आहे. खुणेवर मोबाईल धरला की ती कशाची बनली, दुरुस्त कशी करावी, शेवटी तिचे काय करावे, हे कळावे. न खपलेले नवे कपडे आणि पादत्राणे मोठ्या कंपन्यांनी नष्ट करू नयेत, यासाठी १९ जुलै २०२६ ही तारीख ठरवली गेली. कापडाला या कायद्यात अग्रक्रम आहे, आणि इथे आपला संबंध येतो. भारतातून युरोपात पुष्कळ कापड आणि तयार कपडे जातात. कापूस पिकवणारा, सूत काढणारा, रंग देणारा, यांच्या कामाची विचारपूस पुढे त्या पारपत्रातून होऊ शकेल. लहान कारखान्याला हा कागदांचा बोजा वाटेल. पण ज्याचे काम चोख आहे त्याला ते दाखवायची सोयही होईल.

आपल्याकडे हा विचार अगदी नवा नाही. शेतमालाची प्रत ठरवणारा कायदा १९३७ चा. त्यातूनच ॲगमार्क आला. भारतीय मानक संस्था १९४७ साली निघाली आणि १९५२ च्या कायद्याने आय. एस. आय. खूण मालावर आली. वीजखर्चाची चिठ्ठी, म्हणजे ताऱ्यांची खूण, २००६ साली सुरू झाली आणि २०१० पासून काही यंत्रांना सक्तीची झाली. शेतीच्या पंपसंचांसाठीही ताऱ्यांची योजना आहे. निसर्गाला जपणाऱ्या मालासाठी १९९१ साली ‘इकोमार्क’ निघाला. त्याची खूण मातीचे मडके आहे. मातीतून आलेले आणि फुटले तर मातीतच मिळून जाणारे. २०२४ मध्ये त्याचे नियम नव्याने केले गेले.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा तारे मोजून थांबू नका. चिठ्ठीवरचे साल पाहा. जुन्या सालचे पाच तारे आणि नव्या सालचे पाच तारे सारखे नसतात. वर्षाला किती युनिटे, हा आकडा वाचा. सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे दुकानदाराला विचारा. त्याला उत्तर देता आले नाही तरी विचारा, कारण दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो कंपनीला विचारतो.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सातवी-आठवीच्या मुलांना घरातल्या यंत्रांवरच्या चिठ्ठ्या वहीत उतरवून आणायला सांगा. समजा, एक फ्रिज वर्षाला ३५० युनिटे खातो आणि दुसरा २००. दहा वर्षांत किती रुपयांचा फरक पडेल, हे मुलांकडून काढून घ्या. मग तो आकडा त्यांना घरी जाऊन आईवडिलांना सांगू द्या.