सोड्याची कुळकथा

करपलेलं पातेलं, तुंबलेलं सिंक, फ्रिजचा कुबट वास आणि गुलाबावरची भुरी, या चारही तक्रारींवर हल्ली एकच औषध सांगितलं जातं, चमचाभर खायचा सोडा. सांगणारा वर हटकून जोडतो, की हा आजीच्या बटव्यातला उपाय आहे, यात काही केमिकल नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. आपल्या आज्यांनी भांडी राखेनं घासली, पितळ चिंचेनं उजळलं, लोकरीचे आणि रेशमी कपडे रिठ्यानं धुतले. खायचा सोडा त्यांच्याकडे असलाच तर भज्यांच्या पिठात आणि पोट डब्ब झालं तर चिमूटभर पाण्यातून. त्याला घरसफाईच्या कामाला लावलं ते एका अमेरिकी कंपनीच्या जाहिरातीनं. आणि केमिकलचं म्हणाल, तर आधुनिक रसायन उद्योगाचा पायाच मुळी सोड्यानं घातला.

सोडे दोन. धुण्याचा सोडा हा थोरला, म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो कडक, हाताला सोलणारा. खायचा सोडा धाकटा, सोडियम बायकार्बोनेट, स्वभावानं मवाळ. धाकट्याला तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं आणि मागे थोरला उरतो.

थोरल्याची ओळख माणसाला फार जुनी. इजिप्तमध्ये नाईलच्या पश्चिमेला वाळवंटातल्या तळ्यांकाठी आपोआप साठणारा नॅट्रॉन नावाचा क्षार काचेसाठी, धुण्यासाठी आणि मृतदेह सुकवून ममी करण्यासाठी वापरत. सिंध-पंजाबात खारवट जमिनीतली झुडपं जाळून त्यांच्या राखेतून सज्जीखार काढत. आपल्याकडे तर अख्खं सरोवरच होतं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेलं विवर. त्याचं पाणी इतकं अल्कधर्मी, की त्यात मासे जगत नाहीत. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठावर पांढरट थर धरतो. हे थर वेचून, वाळवून विकायचा धंदा तिथे पिढ्यान् पिढ्या चालला. प्रतीप्रमाणे त्यांना नावंही होती, दल्ला, पापडी, भुस्की. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना नोंदवलंय, की काच आणि साबण करायला जे जे लागतं ते इथे मिळतं. आज हे सरोवर अभयारण्यात आहे, त्यामुळे तो धंदा आता इतिहासजमा झाला.

जगाची गरज मात्र तळ्यांवर आणि राखेवर भागण्यासारखी राहिली नव्हती. अठराव्या शतकात फ्रान्सला काच, साबण आणि कापडासाठी सोडा हवा होता आणि तो स्पेनमधल्या झुडपांच्या राखेतून विकत आणावा लागे. समुद्राच्या मिठापासून सोडा करून दाखवणाऱ्याला तिथल्या विज्ञान अकादमीनं बक्षीस लावलं. निकोला लब्लांक हा ऑर्लेआंच्या ड्यूकच्या पदरी असलेला वैद्य. त्याला ही युक्ती साधली आणि १७९१ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. मिठावर गंधकाम्ल ओतायचं, मग जे उरेल ते कोळसा आणि चुनखडीबरोबर भट्टीत भाजायचं. ड्यूकच्या पैशावर पॅरिसजवळ कारखानाही उभा राहिला. दोन वर्षांत क्रांतीनं ड्यूकचं डोकं गिलोटिनखाली उडवलं, कारखाना जप्त झाला आणि पद्धत सगळ्यांना खुली करण्यात आली. नेपोलियनच्या काळात कारखाना परत मिळाला, पण चालवायला पैसा नव्हता. १८०६ मध्ये लब्लांकनं आत्महत्या केली. बक्षीस त्याच्या हाती कधी पडलंच नाही.

त्याच्या पद्धतीवर पुढे इंग्रज गबर झाले. लिव्हरपूलच्या आसपास सोड्याच्या भट्ट्या धडाडू लागल्या आणि त्यांच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेनं भोवतालची झाडं, कुंपणं, पिकं जळू लागली. उरलेल्या काळ्या गाळाचे डोंगर साचले, त्यांना सडक्या अंड्यांची घाण यायची. लोकांची ओरड इतकी वाढली, की ब्रिटिश संसदेला १८६३ मध्ये अल्कली कायदा करावा लागला. या वाफेतला निदान ९५ टक्के भाग कारखान्यानं पकडलाच पाहिजे, असं त्यानं बजावलं. हवेच्या प्रदूषणावरच्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. बागेसाठी आज ज्याची ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून शिफारस होते, त्याच्या घराण्यानं एकेकाळी गावंच्या गावं उजाड केली होती, हे जरा लक्षात असलेलं बरं.

या घाणीतून सुटका केली बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वे यानं. काकाच्या गॅस कारखान्यात काम करताना त्याला अमोनियाचा निचरा कसा करायचा, हा प्रश्न पडला होता. संपृक्त मिठाच्या पाण्यात अमोनिया मुरवायचा आणि उंच मनोऱ्यात त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, ही पद्धत त्यानं १८६१ पासून बसवत आणली. मनोऱ्याच्या तळाशी आधी साका बसतो तो धाकट्याचा, बायकार्बोनेटचा. तो भाजला की थोरला तयार. अमोनिया पुन्हा पुन्हा वापरता येतो, खर्ची पडतात ती फक्त मीठ आणि चुनखडी. सॉल्वे यातून अफाट श्रीमंत झाला. आइन्स्टाइन आणि मादाम क्युरी १९११ मध्ये ज्या प्रसिद्ध परिषदेत एकत्र बसले, तिचा खर्च याच सोड्याच्या पैशातून झाला होता.

हिंदुस्थानात हा सोडा बराच काळ विलायतेहून येत राहिला. कपिलराम वकील यांनी बडोदा संस्थानातल्या ओखामंडळात मिठागरं उभारली होती. तिथेच, मिठापूरला, १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली. मीठ समुद्राचं, चुनखडी काठियावाडची, पद्धत सॉल्वेच्या घराण्यातली.

आता फ्रिजकडे येऊ. अमेरिकेत १८४६ मध्ये जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी खायचा सोडा कागदी पुड्यांत भरून विकायला सुरुवात केली. शंभर वर्षं धंदा उत्तम चालला, कारण घरोघरी पाव-केक भाजले जात. पुढे तयार पीठं आणि बेकरीचा माल आला, बायका घरी भाजेनाशा झाल्या आणि सोड्याचा खप खुंटला. मग १९७२ मध्ये त्यांच्या ‘आर्म अँड हॅमर’ छापानं जाहिरात काढली, की सोड्याचा पुडा उघडून फ्रिजमध्ये ठेवा, वास जाईल. थोड्याच काळात अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक फ्रिजमध्ये तो पुडा जाऊन बसला. जुना झालेला पुडा फेकू नका, सिंकमध्ये ओता, हेही कंपनीनंच शिकवलं. पदार्थ संपतच नसेल तर तो गटारात ओतायला लावायचा आणि नवा घ्यायला लावायचा! विक्रीकलेचा इतका सरळसोट नमुना दुसरा सापडायचा नाही. वासाचं म्हणाल तर आंबूस वासांवर सोडा थोडं काम करतो, पण उघड्या तोंडापुरता जेवढा सोडा हवेला लागतो तेवढाच. नासकं दूध आधी बाहेर काढलेलं जास्त उपयोगी.

पातेल्याचं मात्र खरं आहे. दूध करपून बुडाला काळा थर धरला, की दोन बोटं पाणी आणि चमचाभर सोडा घालून मंद आंचेवर ठेवा. थोड्या वेळात थराच्या कडा सुटून वर येतात, मग उलथन्याच्या पाठीनं अख्खा पापुद्रा निघतो. इथे तापून धाकट्याचा थोरला होतो आणि चिकट, तुपट थर सैल करतो. स्टीलला हे चालतं, अॅल्युमिनियमचं भांडं काळं पडतं.

सिंकमध्ये सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायची रीत मला निव्वळ तमाशा वाटते. फेस छान येतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं ते सोडियम अॅसिटेटचं निरुपद्रवी पाणी. नळावरचे क्षाराचे पांढरे डाग काढायला नुसतं व्हिनेगर किंवा लिंबू लावा. ओट्यावरच्या तेलकट चिकट्याला नुसता सोडा लावा.

बागेतल्या वापराला मात्र संशोधनाचा आधार आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केनेथ हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी गुलाबाची भुरी आणि काळे ठिपके यांवर सोड्याची फवारणी करून पाहिली आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. सोड्याला बागायती तेलाची जोड दिली की रोग आटोक्यात राहतो. नुसत्या सोड्याचं पाणी पानावर नीट पसरत नाही. प्रमाण लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, याहून जास्त नको, नाहीतर पानांच्या कडा करपतात. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस वाट पाहा, आणि भर उन्हात फवारू नका. भुरी पूर्ण पसरल्यावर फारसा उपयोग नाही, पहिले पांढरे ठिपके दिसताच फवारलं तरच होतो.

धोका आहे तो मातीला. सोडियम साठला की मातीचे कण सुटे होतात, जमीन पावसात चिखल आणि उन्हात दगड होते, पाणी मुरत नाही. तिलाच शेतकरी चोपण म्हणतात. कालव्याच्या पाण्यानं नीरा खोऱ्यातल्या जमिनी कशा क्षारपड झाल्या, यावर पुण्याच्या शेती कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अभ्यास केला होता. अशी जमीन सुधारायला जिप्सम टाकून, चर खणून वर्षं जातात. द्राक्षबागांत भुरीसाठी सोडियमऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट वापरतात ते उगाच नाही. तेव्हा सोडा पानावर मारा, तोही क्वचित, आणि फवारताना कुंडीची माती जुन्या कागदानं झाकून घ्या.