लेंडल, इव्हान

लेंडल, इव्हान : (७ मार्च १९६० – ). चेकोस्लोव्हाकियात जन्मलेला आणि पुढे अमेरिकेचा नागरिक झालेला विख्यात टेनिसपटू व टेनिस-मार्गदर्शक. एकेरीची आठ ग्रँड स्लॅम अजिंक्यपदे, निरनिराळ्या स्पर्धांतील मिळून एकेरीची ९४ विजेतेपदे आणि जागतिक मानांकनातील २७० आठवड्यांचे अग्रस्थान एवढी त्याची जमेची बाजू असली, तरी त्याच्या कारकीर्दीचा खरा अभ्यासविषय त्याचे पराभव हाच आहे. कारण पराभवाची कारणे शोधून त्यांवर वर्षानुवर्षे चिकाटीने इलाज करण्याची जी पद्धत त्याने स्वतःसाठी सिद्ध केली, तीच पुढे मार्गदर्शक या नात्याने त्याने शिष्याच्या हाती दिली.

त्याचा जन्म कोळसा आणि पोलाद यांवर पोसलेल्या ओस्त्रावा या औद्योगिक शहरी झाला. आईवडील दोघेही टेनिस खेळणारे. आई ओल्गा तर एके काळी राष्ट्रीय मानांकनात दुसऱ्या क्रमांकावर होती. ती सरावाला उतरली की रांगत्या-धावत्या इव्हानला जाळीच्या खांबाला दोरीने बांधून ठेवीत असे, असे सांगतात. १९७८ मध्ये पॅरिस व विंबल्डन या दोन्ही ठिकाणची कुमारांची अजिंक्यपदे त्याने जिंकली आणि त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. १९८० साली प्राग येथे इटलीला नमवून चेकोस्लोव्हाकियाने डेव्हिस चषक प्रथमच पटकावला, त्या यशात वीस वर्षांच्या लेंडलचा वाटा सिंहाचा होता. पुढे मात्र १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथील प्रदर्शनी सामन्यांत भाग घेतल्यावरून मायदेशीच्या टेनिस संघटनेची त्याच्यावर इतराजी झाली व दंडही ठोठावला गेला. वर्णद्वेषी राजवटीच्या छायेतील त्या ठिकाणी खेळायला जाणे समर्थनीय नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. यानंतर त्याने अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ग्रिनिच येथे मुक्काम केला. १९९२ मध्ये त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले.

व्यावसायिक जीवनाच्या पहिल्या पर्वात त्याच्या नावावर विजय पुष्कळ होते, पण मोठ्या प्रसंगी हा खेळाडू कच खातो, असा लौकिक त्याच्या मागे लागला होता. १९८१ मध्ये पॅरिसला बियाँ बोर्गकडून, १९८२ व १९८३ मध्ये न्यूयॉर्कला जिमी कॉनर्सकडून आणि १९८३ च्याच अखेरीस ऑस्ट्रेलियात मॅट्स विलँडरकडून, असे ग्रँड स्लॅमचे पहिले चारही अंतिम सामने तो हरला. १९८४ च्या जून महिन्यात पॅरिसच्या लाल मातीवर अंतिम सामन्यात त्याची गाठ जॉन मॅकेन्रोशी पडली, तेव्हा मॅकेन्रो त्या वर्षी एकही सामना हरलेला नव्हता. पहिले दोन सेट मॅकेन्रोने ६–३, ६–२ असे सहज घेतले. तिसऱ्या सेटमध्ये मैदानालगतच्या एका कॅमेरामनच्या हेडसेटमधून येणाऱ्या आवाजाने तो चिडला आणि त्या यंत्रातच ओरडला. त्याची एकाग्रता येथून ढळली, असे पुष्कळांचे मत आहे; परंतु एवढ्यावरच त्या सामन्याचा निकाल लावणे लेंडलवर अन्याय करणारे ठरेल. प्रतिस्पर्धी जाळीकडे धावून येत असता त्याच्या डोक्यावरून चेंडू उंच वळवून टाकण्याचा आणि संधी दिसताच जोरकस फटक्याने त्याला चुकविण्याचा क्रम त्याने तासन्‌तास न कंटाळता चालू ठेवला, आणि पाचव्या सेटच्या शेवटी थकलेल्या मॅकेन्रोने फोरहँडची एक साधी व्हॉली बाहेर मारली, तेव्हा ३–६, २–६, ६–४, ७–५, ७–५ अशा गुणांनी लेंडलला पहिले ग्रँड स्लॅम अजिंक्यपद लाभले.

त्याच्या खेळात बोर्गची लय किंवा मॅकेन्रोची प्रतिभा नव्हती. बेसलाइनवर पाय रोवून, चेंडूला जबर फिरकी देत, विशेषतः धावता धावता मारलेल्या फोरहँडने प्रतिस्पर्ध्याची दमछाक करावयाची, हा त्याचा शिरस्ता. आज जगभर रूढ असलेल्या जोरकस बेसलाइन-खेळाचा तो आद्य प्रवर्तक होय, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. सर्व्हिस करण्यापूर्वी खिशातील लाकडाचा भुसा तळहाताला व रॅकेटच्या मुठीला चोळावा, पापणीचा एखादा केस उपटावा, मग चेंडू अंगापासून खूप उंच फेकावा, हा त्याचा ठरलेला जाबता प्रेक्षकांना पाठ झाला होता. आहार, सायकल, धावणे, विश्रांती या सर्वांची त्याने काटेकोर तजवीज लावली. अमेरिकन खुल्या स्पर्धेचे मैदान ज्या पद्धतीचे, त्याच पद्धतीचे कोर्ट त्याने ते तयार करणाऱ्या कामगारांकडूनच ग्रिनिचच्या घरी करवून घेतले. या मेहनतीचे फळ असे की, १९८२ ते १९८९ अशी लागोपाठ आठ वर्षे तो त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत होता आणि १९८५, १९८६ व १९८७ ही तीन वर्षे विजेता होता. पॅरिसला त्याने १९८६ व १९८७ मध्ये, तर ऑस्ट्रेलियात १९८९ व १९९० मध्ये विजय मिळविले.

इतके होऊनही लोकांनी त्याला जीव लावला नाही. कोणालाच ज्याचे सोयरसुतक नाही असा विजेता, या आशयाचा मथळा १९८६ मध्ये अमेरिकेतील एका अग्रगण्य क्रीडासाप्ताहिकाने त्याच्या छायाचित्रासह मुखपृष्ठावर छापला. मैदानावरील त्याचा निर्विकार चेहरा लोकांना भावनाशून्यतेचा वाटला; आपले मन प्रतिस्पर्ध्याला वाचता येऊ नये यासाठी केलेला तो संयम होता, हे त्या काळी फार थोड्यांनी ओळखले.

विंबल्डनचे अजिंक्यपद मात्र त्याला कधीच लाभले नाही. हिरवळीवर चेंडू खाली राहतो व जलद येतो, त्यामुळे लांब पल्ल्याचे फटके तयार करण्यास त्याला अवधी मिळत नसे. १९८५ पासून त्याने टोनी रोश या जुन्या, जाणत्या ऑस्ट्रेलियन खेळाडूचे मार्गदर्शन पत्करले व त्याच्याकडून व्हॉलीचे धडे अक्षरशः नव्याने गिरविले. १९८६ मध्ये बोरिस बेकरकडून व १९८७ मध्ये पॅट कॅशकडून तो अंतिम सामन्यात हरला. १९९० मध्ये तर केवळ हिरवळीच्या सरावासाठी त्याने पॅरिसची स्पर्धा सोडली, पूर्वतयारीची क्वीन्स क्लबची स्पर्धा जिंकलीही, आणि तरीही विंबल्डनच्या उपांत्य फेरीत स्टेफान एडबर्गने त्याला सरळ सेटमध्ये हरविले. पाठीच्या दुखण्यामुळे १९९४ मध्ये तो निवृत्त झाला, आणि त्यानंतर सुमारे दीड दशक टेनिसपासून बव्हंशी दूर राहून गोल्फमध्ये रमला. न्यूपोर्ट येथील आंतरराष्ट्रीय टेनिस कीर्तिमंदिरात २००१ मध्ये त्याचा समावेश झाला. प्रसिद्ध चेक चित्रकार आल्फोन्स मुखा याच्या भित्तिपत्रकांचा त्याने केलेला मोठा संग्रह २०१३ मध्ये प्राग येथे प्रदर्शित झाला होता.

२०१२ च्या आरंभी त्याने स्कॉटलंडच्या अँडी मरीचे मार्गदर्शकपद स्वीकारले. मरीही तोवर ग्रँड स्लॅमचे तीन अंतिम सामने हरलेला होता आणि जुलैमध्ये विंबल्डनला रॉजर फेडररकडून चौथाही हरला. असे चार पराभव स्वतः भोगलेला गुरू जवळ असणे, ही गोष्ट येथे निर्णायक ठरली, असे आमचे मत आहे. फोरहँड अधिक धीटपणे मारावा, मैदानात पुढे सरकून खेळावे, गुण गेल्यावर आपल्याच माणसांवर चिडचिड करू नये, असा त्याच्या शिकवणीचा रोख होता. विंबल्डनच्या त्या पराभवानंतर चारच आठवड्यांनी त्याच मैदानावर मरीने फेडररला हरवून ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला नोव्हाक जोकोविचला पाच सेटमध्ये नमवून पहिले ग्रँड स्लॅम अजिंक्यपद मिळविले.

७ जुलै २०१३ रोजी विंबल्डनच्या अंतिम सामन्यात जोकोविचविरुद्ध शेवटच्या गेममध्ये ४०–० अशी आघाडी असताना विजयाच्या तिन्ही संधी मरीच्या हातून गेल्या, उलट जोकोविचलाच तो गेम जिंकण्याच्या तीन संधी मिळाल्या. त्या परतवून चौथ्या संधीला मरीने सामना जिंकला, तोवर प्रेक्षककक्षात बसलेल्या लेंडलच्या मुद्रेवर कसलाही फरक दिसला नाही. फ्रेड पेरीनंतर म्हणजे १९३६ नंतर प्रथमच एका ब्रिटिश पुरुषाने ते अजिंक्यपद मिळविले होते, आणि पारितोषिक स्वीकारताना मरीने गुरूच्या न साधलेल्या ध्येयाचा जाहीर उल्लेख केला.

२०१४ च्या मार्चमध्ये ही जोडी फुटली, २०१६ च्या जूनमध्ये पुन्हा जमली, आणि त्याच वर्षी मरीने विंबल्डन, ऑलिंपिक सुवर्णपदक व जागतिक अग्रस्थान ही तिन्ही मिळविली. मधल्या काळात अमेली मोरेस्मोच्या मार्गदर्शनाखाली त्याने चांगली प्रगती केली होती, हेही विसरता कामा नये. पुढे लेंडलने जर्मनीच्या अलेक्झांडर झ्वेरेव्हला शिकविले. झ्वेरेव्हने २०१८ ची वर्षअखेरची लंडनची स्पर्धा जिंकली, पण ग्रँड स्लॅम अजिंक्यपद त्याला या काळात मिळाले नाही व २०१९ च्या जुलैमध्ये दोघे विभक्त झाले. २०२२-२३ मध्ये मरीबरोबर तिसऱ्यांदा, आणि २०२४ च्या अखेरीस पोलंडच्या हुबर्ट हुर्काचबरोबर त्याने काम पत्करले. मार्गदर्शक म्हणून त्याचे शिष्य मोजकेच. मात्र मरीची तीनही ग्रँड स्लॅम अजिंक्यपदे लेंडल त्याचा मार्गदर्शक असतानाच्या मुदतीतील आहेत.