तळटीप : पडद्यावरच्या काळ्या पट्ट्या

* गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याच्या चौकटीची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट, आजच्या १६:९ टीव्हीची मात्र १.७८ पटच. म्हणून पूर्ण चौकट दाखवायची, तर पडद्याच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा वर-खाली मिळून काळा राहणारच. पैसे मोजून घेतलेला पडदा रिकामा का ठेवायचा, हा आक्षेप समजण्याजोगा आहे. पण ‘झूम’ केल्यास चित्राच्याच रुंदीचा जवळपास चौथा भाग कापला जातो, आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओतले एकटेपण ज्या मोकळ्या जागेतून उभे केले, नेमकी तीच नाहीशी होते. चित्र उभे ताणले, तर चेहरे लांबुळके होतात. वाचकांनी हा चित्रपट पट्ट्यांसकटच पाहावा. — संपादक