खिडकी एकाची, निर्णय दुसऱ्याचा

श्रोतेहो, सरकारी खिडकीवर खाजगी माणूस बसवायचा, ही रीत आपल्याला नवी वाटते. पण मुंबई बंदराला ती जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात हजचे यात्रेकरू इथूनच जेद्द्याची बोट धरीत. दलाल त्यांना नाडीत, बोटीत मेंढरांसारखी दाटी होई. तेव्हा १८८६ साली हिंदुस्थान सरकारने त्यांच्या प्रवासाची व्यवस्था टॉमस कुक या विलायती प्रवासी कंपनीकडे सोपविली. पण दलाल काही हटेनात, कंपनीला नफा दिसेना. १८९३ साली ती व्यवस्था मोडली.

त्याच मुंबईत २००१ साली व्हीएफएस ही कंपनी निघाली. अमेरिकेच्या वकिलातीसाठी व्हिसाचे अर्ज घेण्यापासून तिचा आरंभ झाला. आज कितीतरी देश हे काम अशा कंपन्यांकडे देतात. शहरोशहरी केंद्रे झाली, वकिलातीपुढची रांग सरली, हे खरेच.

पण एक गोष्ट ध्यानात धरा. खिडकीवरचा माणूस कागद बघतो, बोटांचे ठसे घेतो, सेवाशुल्क घेतो. व्हिसा द्यायचा की नाही, ते परक्या देशाचा अधिकारी ठरवतो. नकार आला तर खिडकी म्हणते, ‘निर्णय आमचा नाही’. आणि ज्याचा निर्णय, तो अर्जदाराला बहुधा भेटतच नाही. म्हणून गुरुजनांनो, परदेशी निघालेल्या मुलांना एवढे जरूर सांगा: ‘व्हिसा नक्की मिळवून देतो’ असे म्हणणाऱ्याच्या हाती पैसा देऊ नका. तो अधिकार त्या खिडकीलाही नाही!