कूपरेज ते जकार्ता

मुंबईत १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेवर प्रारंभी ब्रिटिश पलटणींच्या संघांचे वर्चस्व होते. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स संघाने हा चषक प्रथमच भारतीय हाती आणला. त्या घटनेचे अप्रूप ओसरते न ओसरते तोच, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे एकाच संघाने तो चषक मुंबईबाहेर नेला. तो संघ होता हैदराबाद सिटी पोलीस. कूपरेजच्या प्रेक्षकांना ह्या संघाचा खेळ वेगळा वाटला, तो ताकदीमुळे नव्हे. ह्या खेळाडूंच्या पायाशी चेंडू फार वेळ थांबतच नसे. तो आला की लगेच दुसऱ्याकडे जाई, आणि ज्याने तो दिला तो स्वतः मोकळ्या जागेकडे धावू लागे. ह्या खेळामागे एक शाळामास्तर उभा होता. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. खेळाडूंचे ते रहीमसाहेब.

१९०९ साली हैदराबादेत जन्मलेल्या रहीमसाहेबांनी उस्मानिया विद्यापीठात शिक्षण घेतले व पुढे अध्यापनाचा पेशा पत्करला. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी जे केले ते समजून घ्यायचे असेल, तर प्रथम त्या काळच्या फुटबॉलची मांडणी ध्यानात घ्यावी लागते.

जुन्या पद्धतीत संघाचे दोन खेळाडू बचावाला, तीन मध्यफळीत व पाच आघाडीला असत. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर आघाडीच्या खेळाडूपुढे, गोलरेषेच्या बाजूला, प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असावे लागत. ती संख्या दोनवर आली. साहजिकच गोल करणे सोपे झाले आणि दोघांचा बचाव अपुरा पडू लागला. तेव्हा इंग्लंडमधील आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन ह्यांनी मधल्या फळीतील एकाला मागे ओढून तिसरा बचावपटू निर्माण केला. युरोपने ही मांडणी हळूहळू स्वीकारली. आपल्याकडे मात्र दोघांचाच बचाव पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. चेंडू पायाशी खेळवत एकामागून एक प्रतिस्पर्ध्याला चकवणे हेच कौशल्याचे शिखर मानले जाई, आणि अनेक नामवंत खेळाडू अनवाणीच खेळत.

१९५१ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत रहीमसाहेबांच्या भारतीय संघाने मेवालालच्या एकमेव गोलच्या बळावर इराणला नमवून सुवर्णपदक मिळवले. देश हर्षभरित झाला. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुऊन काढले. फिनलंडच्या थंड हवेत आपले कित्येक खेळाडू बुटांविना उतरले होते. ह्या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

बूट सक्तीचे करणे हा एका ठरावाचा विषय होता. खेळाडूच्या मनातली खेळाची कल्पना बदलणे हे त्याहून कठीण काम, आणि ते रहीमसाहेबांनी अंगावर घेतले. त्यांच्या युक्त्या शाळामास्तराला शोभतील अशाच होत्या. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यांत चेंडू खेळवत नेण्यास मनाई असे. तो आला की पुढे द्यायचाच. दुसऱ्या काही स्पर्धांत खेळाडूने आपला दुबळा पायच वापरावा, असा नियम असे. उपदेशाने जी सवय जडली नसती ती खेळाच्या नियमानेच जडवण्याची ही रीत होती. चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो. म्हणून शरीराने थोराड असलेल्या संघाशी झुंजायचे तर माणसाने थकू नये, चेंडूला धावू द्यावे, हे त्यामागचे सूत्र होते.

नोव्हेंबर १९५३ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला आणि फुटबॉलचे जग चकित झाले. हंगेरीचा मधला आघाडीवीर हिदेगकुटी पुढे उभाच राहत नव्हता. तो मागे मध्यफळीत सरकत होता. त्याच्या मागे जावे तर बचावात खिंडार पडते, न जावे तर तो मोकळा राहतो, अशा पेचात इंग्रज बचावपटू सापडले. ह्या हंगेरियन पद्धतीचे मर्म रहीमसाहेबांनी ओळखले आणि तिला आपल्या खेळाडूंच्या अंगकाठीला साजेसे रूप दिले. आघाडीतल्या एकाने मागे येऊन चेंडू घ्यावा आणि त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेत दुसऱ्याने वेगाने शिरावे, हा त्यांच्या आखणीचा गाभा झाला.

त्या रिकाम्या जागेत शिरणारा खेळाडू म्हणजे नेव्हिल डिसोझा. मूळचा गोव्यातील आसगावचा हा ख्रिस्ती तरुण मुंबईत टाटा संघाकडून खेळे. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकच्या उपउपांत्य सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिलचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच होता. मध्यंतरानंतर पहिला गोल केला तो नेव्हिलनेच. अखेरीस आपण १-४ असे हरलो. पुढे बल्गेरियानेही ०-३ असे नमवले आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. तरीही चार वर्षांपूर्वी ज्याने दहा गोल चढवले, त्याच संघाला काही काळ पिछाडीवर ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हती. १९६० साली रोममध्ये तर हंगेरीकडून केवळ १-२ असा निसटता पराभव झाला आणि फ्रान्सला आपण १-१ असे बरोबरीत रोखले.

रहीमसाहेबांच्या बुद्धीची खरी कसोटी लागली १९६२ सालच्या जकार्ता आशियाई स्पर्धेत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ०-२ असे हरवले. थायलंडविरुद्धच्या विजयात बचावाचा आधारस्तंभ जरनैल सिंग ह्याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. बचावात पुन्हा पुन्हा डोक्याने चेंडू परतवणे आता त्याला धोक्याचे होते. दुसऱ्या कुणी त्याला बाकावर बसवले असते. रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य सामन्यात आघाडीला धाडले, आणि त्या सामन्यात त्याने गोलही केला.

४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर उभा ठाकला. इस्रायल व तैवान ह्यांना यजमानांनी प्रवेश नाकारला होता. त्याबद्दल भारतीय प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी ह्यांनी आक्षेप घेतल्यामुळे शहरात भारताविरुद्ध संताप उसळला होता. भरगच्च स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होते. कोरियन खेळाडू उंच चेंडू टाकतात हे पाहून रहीमसाहेबांनी गोलमध्ये उंचापुऱ्या पीटर थंगराजला उभे केले. मध्यफळीत मूळचे कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको होते. नेव्हिलप्रमाणे तेही टाटा संघाकडून खेळलेले. प्रदीपकुमार बॅनर्जींनी पहिला गोल केला, थोड्याच वेळात जरनैलने दुसरा. अखेरच्या भागात कोरियाने एक गोल फेडला, परंतु २-१ ही आघाडी टिकली. सुवर्णपदक भारताचे झाले. त्या वेळी रहीमसाहेबांना कर्करोगाने घेरले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला मिळालेले नाही. १९६० नंतर आपला संघ ऑलिंपिकलाही पात्र ठरलेला नाही. ह्याला एका माणसाचे जाणे हे एकमेव कारण मानणे भाबडेपणाचे ठरेल. मैदाने, पैसा, पुढे सरसावलेले इतर आशियाई देश, ही सारी कारणे आहेतच. तथापि एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. हैदराबादेत मुलांच्या स्पर्धांतून जी शिस्त रुजली होती, ती देशभर रुजवणारी व्यवस्था उभी राहिली नाही. ते बी ज्या मातीत पेरले गेले तेथेच राहिले, आणि पेरणारा गेल्यावर तेथेही सुकत गेले. २०२४ साली ‘मैदान’ ह्या हिंदी चित्रपटाने त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचवले खरे. पण स्मरण करणे आणि वारसा चालवणे ह्यांत अंतर असते.

डावपेच म्हणजे फळ्यावरच्या खडूच्या रेघा, असा आपला समज असतो. रहीमसाहेबांचा इतिहास काही वेगळे सांगतो. त्यांनी हंगेरीची पद्धत घेतली, पण हंगेरीचे खेळाडू आपल्याकडे नाहीत म्हणून ते कुढत बसले नाहीत. नेव्हिलचा वेग, थंगराजची उंची, जखमी जरनैलची जिद्द, जे हाताशी होते ते त्यांनी नीट पारखले आणि ज्याला त्याला त्याच्या योग्य जागी उभे केले. हैदराबादचा मुसलमान शिक्षक, पंजाबचा शीख, गोव्याचे ख्रिस्ती, बंगालचे हिंदू अशी माणसे त्या संघात एकमेकांना चेंडू देत होती. आज आपल्या चर्चच्या पटांगणावर संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांना कुणी दुबळा पाय वापरायला शिकवले, चेंडू स्वतःपाशी न ठेवता मोकळ्या सोबत्याला द्यायला शिकवले, तर त्या शाळामास्तराचे अर्धवट राहिलेले काम थोडेसे पुढे सरकेल.