रताळ्याची बिस्किटे एअर फ्रायरमध्ये

धायरीत महाशिवरात्रीला धारेश्वराची यात्रा भरते, त्या दिवशी घरोघरी रताळी शिजतात. कीस आणि गोड काप यांपलीकडे मात्र गृहिणी सहसा जात नाहीत. मूळचे अमेरिका खंडातले हे कंदमूळ आपल्या उपवासात इतके मानाचे ठरावे, हीही गंमतच!

२०० ग्रॅम कुस्करलेले रताळे, १५० ग्रॅम राजगिऱ्याचे पीठ, प्रत्येकी ५० ग्रॅम साजूक तूप व किसलेला गूळ, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर सैंधव घ्यावे. बिस्किटे बिघडतात ती पाण्यामुळे. रताळ्यात सुमारे ७० टक्के पाणी असते. म्हणून ते पाण्यात न उकडता सालीसकट वाफवावे, सोलून कुस्करावे आणि कढईत कोरडे परतावे. निवल्यावर सर्व जिन्नस एकत्र मळून अर्धा सेंटिमीटर जाडीची बिस्किटे थापावीत व काट्याने टोचावीत.

एअर फ्रायरमध्ये पंख्याने खेळवलेली गरम हवा वरचा थर झटकन तांबूस करते, आतला भाग ओलाच राहतो. यास्तव १६० अंश सेल्सिअसला १२ मिनिटे भाजून बिस्किटे उलटावीत व १२० अंशांवर आणखी १० मिनिटे वाळवावीत. बटर पेपर रिकाम्या भांड्यात कधीही ठेवू नये. तो उडून तापलेल्या कॉइलला चिकटतो. बिस्किटांचा खुसखुशीतपणा पूर्ण गार झाल्यावरच येतो.

मैदा नाही म्हणून मधुमेहींनी मात्र ती मनसोक्त खाऊ नयेत. रताळ्यातील पिष्ट आणि गूळ, दोन्हींनी रक्तातील साखर वाढते.