तळटीप ७ : रता

७. रता : ठाणे-रायगडच्या खारजमिनीतले लाल तांदळाचे जुने वाण; काळा रता व भुरा रता हे त्याचे परिचित प्रकार. मीरा-भाईंदरची सखल जमीन वसई आणि मनोरी या खाड्यांच्या मधली, म्हणून मुळात मिठागरांची. अशा जमिनीत बांध घालून भात घेणे हा अडाणी हट्ट होता, असे मूळ लेखक सुचवतो. ते पटत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने आय.आर. ८ शी भुऱ्या रत्याचाच संकर करून ‘पनवेल १’ काढला. आक्षेप असा येईल की, प्रचलित कोष्टकांत सोयाबीन मातीची ५ डेसीसायमेन्स प्रति मीटरपर्यंतची क्षारता सोसते, भात जेमतेम ३. मग सोयाबीन का नको? एक तर मर्यादा ओलांडल्यावर दर एककाला सोयाबीनचे उत्पन्न सुमारे २० टक्के घटते, भाताचे १२. शिवाय कोष्टकातला सोयाबीनचा आकडा निचऱ्याच्या जमिनीचा. खारात पावसाचे साचलेले गोडे पाणी मीठ खाली दाबते. भात त्यात उभा राहतो, सोयाबीन गुदमरते. चीनमधील ‘टिएफेंग ८’ या सोयाबीन वाणात सोडियम पानांपर्यंत चढू न देणारे जनुक सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्याने मिठाचा प्रश्न सुटतो, पाणथळीचा नाही.